तारेची वाढ

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं घेत असे. नोकरी नवी होती आणि आपल्याला शिस्त राखता येते, याचा मला अभिमान होता.

त्यातला एक प्रयोग असा. छताच्या कडीला दोन तारा शेजारी शेजारी टांगलेल्या, दोन्हींच्या मध्ये स्पिरिट लेव्हल आडवी. एका तारेला अर्ध्या किलोचं वजन लावलं की ती केसाच्या जाडीइतकी लांबते आणि लेव्हलमधला बुडबुडा सरकतो. स्क्रू फिरवून तो पुन्हा मध्ये आणायचा आणि तार किती वाढली ते स्क्रूवर वाचायचं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. त्यावरून पोलादाचा ताठपणा काढायचा.

सगळ्या वर्गाचं उत्तर पुस्तकाबरहुकूम आलं. एका मुलीचं मात्र निम्म्याहून थोडं जास्त. विणकराची मुलगी, घरी तेलुगू बोलणारी. मी लाल शाईनं 'पुन्हा करा' लिहिलं. तिनं पुन्हा केलं. तेच आलं.

"स्क्रू उलटसुलट फिरवला असशील," मी म्हटलं. "मग आट्यांतली मोकळीकच मोजली जाते."

"एकाच दिशेनं फिरवला, मॅडम. तुम्ही एकदा बघता का?"

मला तो आगाऊपणा वाटला. दहापैकी तीन गुण दिले. तिनं जर्नल मिटलं आणि गेली.

दोन दिवसांनी रिकाम्या तासाला मी स्वतः मोजायला बसले, तिची चूक शोधायला. वजनं एकेक करून चढवली, उतरवली, दर वेळी बुडबुडा नीट मध्ये आणला. माझंही उत्तर निम्म्याच्या जरा वर आलं. पुन्हा केलं, तरी तेच. मग ब्लेडनं तार खरवडली. वरचा पांढरा मुलामा गेला, आत लालसर तांबं, ताठपणात पोलादाच्या निम्म्याहून थोडंच जास्त.

प्रयोगशाळेचे शिपाई करमाळ्याकडचे, पन्नाशीचे. त्यांना विचारलं.

"जुनी तुटली व्हती बाई, सुट्टीत. नवी पेठेतनं आणली. रंग तर तोच हाय की."

"मला सांगितलं का नाही?"

"सगळ्यांचं बरोबर येत व्हतं. मला वाटलं, चालतीय."

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी त्या मुलीचे तीनचे दहा केले आणि चूक माझी होती असं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "पान हेच ठेवू, की नवं लिहू?"

"हेच ठेव."

 तेव्हा बाकीच्यांपैकी एकजण म्हणाला, "मॅडम, उत्तर पुस्तकात होतं. आम्ही तिथून उलटं मागं येत आकडे लिहिले."

मला रागावता येईना. विद्यार्थिदशेत मीही तसंच केलं होतं.

पोलादाची तार बसवून सगळ्यांना प्रयोग पुन्हा करायला लावला. या वेळी कुणाचं उत्तर थोडं वर, कुणाचं बरंच खाली. त्या दिवशी जर्नलं तपासायला मला दुप्पट वेळ लागला.