गायकवाडचं गजकर्ण

नोकरी संपली की फायली ऑफिसात राहतात आणि किस्से आपल्याबरोबर घरी येतात. माझ्याकडचे निम्मे तरी औषधांचे आहेत. आमच्या उल्हासनगरच्या ऑफिसात कारकून कमी आणि वैद्य जास्त होते!

*

दोन हजार सालानंतर ऑफिसात कॉम्प्युटर आला. एसी त्याला मिळाला, घाम आम्हाला. त्या उन्हाळ्यात गायकवाडच्या मनगटावर गजकर्ण उठलं. शेजारच्या टेबलावरचा म्हात्रे, बदलापूरजवळच्या सोनिवलीचा. तो लगेच म्हणाला, "लसूण ठेच, लाव, वर फडकं बांध. एकदम नॅचरल! साइड इफेक्ट नाय."

"विंचूपण नॅचरलच असतो," गायकवाड म्हणाला. पण लावला.

*

गायकवाड काउंटरवर बसायचा. शहरातल्याच कॅम्प तीन भागातला एक सिंधी व्यापारी अर्ज घेऊन आला, त्याला वास आला आणि तो अदबीने म्हणाला, "साहब, आप खाना खा लो. मैं बाद में आता हूँ."

ऑफिस नुकतंच उघडलं होतं!

*

दोन-चार दिवसांत मनगटावर फोड आले. डॉक्टर म्हणाले, "लसणात बुरशी मारायचा गुण असेलही. पण तुम्ही आधी कातडी मारलीत!" त्यांनी मलम दिलं. डाग गेला तरी लावत राहा म्हणाले, आणि गजकर्ण स्पर्शाने पसरतं हेही सांगितलं.

म्हात्रेचं मत वेगळं पडलं. "गावठी लसूण पायजे होता!"

*

दुपारी आमचे डबे एकत्र उघडत. प्रत्येकाचा हात प्रत्येकाच्या डब्यात. स्पर्शाचं कळल्यावर सावंतबाई गायकवाडला चमच्याने, वरून वाढू लागल्या. म्हात्रेनेही आपला डबा जरा जवळ ओढला.

गायकवाड चमच्याकडे बघत राहिला. "बाई, असं वरून वाढलेलं माझ्या आजोबांनी खाल्लंय. मी नाही खाणार."

डबा उचलून तो आपल्या टेबलावर गेला. हात बरा झाला, तरी परत आला नाही. बोलावलं की म्हणायचा, "तुमचं चालू द्या."

*

पुढच्या वर्षी भर मे महिन्यात म्हात्रे फुल शर्ट घालून यायला लागला. एका दुपारी तो आमच्यात बसलाच नाही. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून त्याने डबा उघडला. तांदळाची भाकरी मोडताना बाही वर सरकली. मनगटावर गजकर्ण, आणि भोवती लसणाने भाजलेली लाल कातडी.

सावंतबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

गायकवाड उठला. खुर्ची ओढून म्हात्रेसमोर बसला, त्याच्या हातातल्या भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि चावता चावता म्हणाला,

"म्हात्र्या, सगळा लसूण हातालाच लावलास वाटतं! चटणीत कायच नाय."