धनेशाच्या झाडाखालचे मास्तर

पाखरांना नुसत्या आवाजावरून ओळखणारा आणि माणसांना समोर उभी असूनही विसरणारा आमच्या ड्रॉइंग मास्तरांसारखा माणूस दुसरा झाला नसेल. आरमोरीच्या शाळेत मी त्यांच्यासोबतच शिकवायला होतो, तरी पहिलं वर्षभर ते मला पोस्टातला माणूस समजत. एका लग्नात कालवलेला वरणभात तसाच टाकून ते मांडवाबाहेर धावले. हळद्या पक्षी बोलला म्हणे. नवरदेवाचे वडील हात जोडून मागोमाग, आपलं काय चुकलं ते विचारत. मास्तरांच्या पत्नी मला म्हणाल्या, "पाखरू न पाहता ओळखतात, अन् मले पाहून 'कोण आलं' म्हणतात."

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. बाहेरगावच्या एका पक्षी-अभ्यासकाला घरट्यांच्या नोंदी हव्या होत्या. मास्तरांनी ते काम आपणहून अंगावर घेतलं आणि उन्हाळी सुट्टीत मलाही सूरजागडच्या डोंगरात ओढून नेलं. तिथे एका जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. ढोलीचं तोंड लिंपून तिने स्वतःला आत कोंडून घेतलं होतं. चोच निघेल एवढीच फट ठेवलेली. नर दिवसभर तिला त्यातून फळं भरवायचा. मास्तर खाली बसून त्याच्या खेपा लिहीत. मला खोकायचीही बंदी होती.

पाचव्या दिवशी जंगलतोडीच्या ठेकेदाराचा मुकादम झाडं तोडणारी माणसं घेऊन आला.

"उठा मास्तर, हे झाड आज पाडाचं आहे."

मास्तर हलले नाहीत. "आत बाळंतीण आहे. तिचे पंख झडले, उडता येत नाई."

तेवढ्यात नर फळ घेऊन आला, फटीतून चोच निघाली. मुकादम बराच वेळ वर पाहत राहिला.

"किती दिस?"

"पंधरा."

"बरं. बाकीची झाडं अगोदर तोडतो. मंग मले अडवाचं नाई."

त्यानंतर चौदाव्या दिवशी मादीने लिंपण फोडलं. मागोमाग दोन पिल्लं धडपडत बाहेर आली. मास्तरांनी मला मिठी मारली आणि, खरं सांगतो, माझ्या नावाने हाक मारली. दोन दिवसांनी झाड पडलं. शब्द दिला होता, म्हणून मास्तरांनी अडवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही परत गेलो. धनेशाची जोडी आली, मोकळ्या जागेवर घिरट्या घालून डोंगरापलीकडे निघून गेली. मास्तर तोडलेल्या बुंध्याशी बसून होते. मी म्हटलं, "तुमच्यामुळे पिल्लं तर वाचली."

"वाचली ना," ते म्हणाले. "पण मी पंधराच दिवस मांगतले, भाऊ. मुकादम भला माणूस होता. झाड मांगतलं असतं, तरी कदाचित देल्लं असतं."