तानुबाईच्या कोंबड्या जगल्या त्याची गोष्ट

शहाऐंशीच्या श्रावणात पेडगावात कोंबड्यांना रगताची हगवण लागली. दिनकररावांनी सरकारी योजनेतून आणलेल्या पांढऱ्याफेक कोंबड्यांचं खुराडं बघता बघता रिकामं झालं. शेजारच्या तानुबाईच्या गावरान कोंबड्या मात्र उकिरडा उकरत खुशाल फिरत होत्या.

एवढ्यावरून दिनकररावांची बायको बायनाबाई आडावर सगळ्या बायांपुढं म्हणाली, "हिनंच करणी केली. न्हाईतर हिच्याच कशा जगल्या?"

बायांनी आपापल्या घागरी बाजूला ओढून घेतल्या. नवऱ्यामागं निंदण्या-खुरपण्या करून, अंडी विकून इज्जतीनं जगलेली तानुबाई रिकामी घागर घेऊन तशीच माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात कुणीतरी लिंबू टाकलं होतं. तिनं ते लाथेनं उडवलं. दिनकररावांच्या उकिरड्यावरची मेलेली कोंबडी पिशवीत घातली, आपल्या कोंबड्यांची विष्ठा पानात बांधली आणि परभणीची एसटी धरली.

गुरांचे डॉक्टर भुजंगराव यांनी कोंबडी फाडली, दोन्ही नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. "दोन्हीत एकच जंतू आहेत, बाई."

"मंग माह्या का न्हाई मेल्या?"

"तुमची पिल्लं आईमागं मातीत चोची मारत वाढली. थोडे थोडे जंतू पोटात जात राहिले, अंग तयार झालं. ही पांढरी आधी स्वच्छ पेटीत वाढली, मग ओल्या खुराड्यात दाटीनं कोंडली. अंगाला सवय नाही, अन् जंतू एकदम भारंभार गेले."

"हे गावात येऊन सांगा."

डॉक्टर आले, पारावर सगळ्यांना समजावून गेले. दिनकरराव उठत म्हणाले, "चला, मिटलं."

"काय मिटलं?" तानुबाई कडाडली. "तुमच्या कोंबड्या मेल्या, वाईट झालं. पर मला चेटकीण केलं, ते कोणत्या दवाईनं जायलंय?"

लोक धोतरं झटकत पारावरून उठून गेले. पुढच्या महिन्यात बायनाबाईच दारात उभी. "माहेरून खुडूक कोंबडी आणलीय, अंड्यांवर बसवायचीय. तुझी अंडी दे की, तानुबाई."

"देते. आधी आडावर चल. तिथं बोललीस, तिथंच फिरव."

बायनाबाई घुटमळली, पण गेली. पाणी भरणाऱ्या बायांत पुटपुटली, "करणी न्हवती."

"मोठ्यानं."

"करणी न्हवती! मीच खोटं बोलले!"

तानुबाईनं अंडी दिली. मात्र त्यानंतर बायनाबाईच्या घरी सणावाराला ती कधी गेली नाही. बोलावणं आलं की म्हणायची, "मला न्हाई जमत." आणि खुराड्याकडं वळायची.