रानाचा पडदा

नाटक रंगात आलेलं असायचं, आणि पहिल्या रांगेतून डोमाजी पेंटर राजाला सुनावायचे, "बाजूले हो ना बापू, झाड झाकून राहिला तू." लोक हसायचे, डोमाजी हसत नसत. अड्याळच्या आसपास दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरे; तिथल्या नाटकांचे पडदे तेच रंगवत, आणि नट म्हणजे त्यांच्या लेखी पडद्यापुढची अडगळ. स्वतःच्या कामावर इतका भाळलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. गंमत म्हणजे त्यांना ते शोभायचं.

कारण पडदे खरोखरच देखणे असत. पण त्यांचं आयुष्य एका हंगामाचं. कापड महाग, म्हणून नाटक मंडळी दिवाळीआधी जुना पडदा तळ्यावर नेऊन धूत आणि त्यावरच नवा रंगवून घेत. एका वर्षी डोमाजींनी रान रंगवलं: मोहाची झाडं, मागे तळं, पाण्यावर सकाळ. ते धुतलं जाणार म्हणून त्यांना अन्न गोड लागेना. फोटो तरी ठेवावा, असं त्यांनी ठरवलं. मी शाळेत मास्तर, म्हणून मला घेऊन ते कॅमेरा आणायला भंडाऱ्याला गेले.

दुकानदाराने दोन कॅमेरे मांडले. एक जवळचं बारीकसारीक टिपणारा, पण आमच्या आवाक्याबाहेरचा. दुसरा साधा बॉक्स कॅमेरा. त्याला लख्ख ऊन हवं आणि फोटो लांबूनच काढायचा. मी हिरमुसलो. डोमाजींनी तो डबाच उचलला.

"माहा पडदा का पोस्टाचं तिकीट हाय, मास्तर? दूर उभा राहीन."

धुण्याच्या आदल्या दिवशी पडदा दोन कडुनिंबांमध्ये उन्हात बांधला. रोल एकच होता. डोमाजी डोळा लावणार, तोच शेजारची भागरथाकाकी पुढे आली. तिचा नवरा गेला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

"डोमा, माहाबी काढ ना. मेल्यावर पोराईनं कोणाले पाहावं?"

डोमाजींनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग स्वतः खुर्ची आणून त्यांनी काकीला बरोबर मोहाच्या झाडापुढे बसवलं. पाठोपाठ सगळा मोहल्ला आला आणि रोल संपला. नुसत्या पडद्याचा फोटो राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी पडदा धुतला गेला.

वाईट नाही का वाटलं, असं मी विचारलंच. "वाटलं ना," ते म्हणाले. "पण काकीले बाजूले हो कसं म्हणू?" त्या क्षणी तो गर्विष्ठ माणूस मला फार मोठा वाटला.

डोमाजी जाऊन आता काही वर्षं झाली. परवा काकीच्या घरी गेलो होतो. भिंतीवर काकीचा हार घातलेला फोटो, मागे रान. तिची नात फोटोकडे बोट दाखवत म्हणाली, "हे रान कोणत्या गावचं हाय जी? आमाले पाहाले जायाचं हाय."

"डोमाजी पेंटरचं," मी म्हणालो.