दरवाज्याखालचा पत्रा

“बठ्ठा पत्रा सडी जायेल शे, भाऊ,” गाडीखालून आवाज आला.

बाबा गेल्यापासून बंद असलेली त्यांची जुनी गाडी काकांनी आणि मी धुळ्याच्या गॅरेजमध्ये आणली होती. गाड्यांचे पत्रे दुरुस्त करणाऱ्या तिथल्या म्हाताऱ्या डेंटरला सगळे आबा म्हणत. बाहेर येऊन ते दरवाज्याखालच्या पट्ट्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकू लागले. गाडीचा भार याच पट्ट्यावर असतो. प्रत्येक ठोक्यानंतर ते डोळे मिटून ऐकत. एका जागी आवाज बदलला, तिथे त्यांनी अंगठा दाबला. तो आरपार गेला.

“पुट्टी भरा, रंग मारा,” काका म्हणाले. “आतलं कोणाला दिसतंय? दारात शोभेला तर ठेवायची आहे.”

“गाडीले दिखस ना, भाऊ.” मग आबा माझ्याकडे वळले. “बेटी, चालवनार कोन शे?”

इतक्या दिवसांत मला हे विचारणारे ते पहिलेच. मी नेहमीसारखं खाली बघितलं. मी गाडी चालवायला शिकले होते, पण घरात ते कोणालाच माहीत नव्हतं. आबा थांबून राहिले. त्यांचा अंगठा अजून त्या भोकातच होता.

“मी चालवणार,” मी म्हणाले. “पत्रा कापा, आबा. नवा बसवा.”