कुलपातलं पाणी

मी एकदा विहिरीचं पाणी मुद्देमाल म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. ती घटना आजही आठवली की नातवंडांसमोर माझे कान लाल होतात.

तेव्हा मी सहायक निरीक्षक होते. वीस वर्षांची नोकरी, कडक इस्त्री आणि स्वतःच्या हुशारीवर गाढ विश्वास. मैंदर्गीकडच्या एका वस्तीवरून मेंढरं राखणारी आजी ठाण्यात आली. म्हणाली, "सोलापूरचा टँकर येतोय आन् विहिरीच्या वरच्या अंगाला काळा गाळ वतून जातोय. पाण्याला लई वास हाय. तीन मेंढरं मेली, सुनेला सलाईन लावलंय."

हा गाळ म्हणजे सांडपाणी शुद्ध करताना खाली बसणारा मैला. वाळवून, तपासून तो शेताला खत म्हणून देता येतो, ओला नाही. मी फोन लावले. एक कार्यालय म्हणालं, गाळ आमचा, पण विहीर आमची नाही. दुसरं म्हणालं, विहीर ग्रामपंचायतीची. ग्रामसेवक म्हणाला, वरून पत्र येऊ द्या. डोकं फिरलं. म्हटलं, मीच करते!

आणि केलं. सरबताची बाटली धुतली, पंचांसमक्ष पाणी भरलं, लाखेचं सील, सह्या, रजिस्टरला नोंद. हातभट्टीची दारू ठेवतो तशी बाटली कपाटात. आठ दिवसांनी हवालदार ती प्रयोगशाळेत घेऊन गेला आणि तशीच परत घेऊन आला. तिथल्या बाईंनी फोनवर सुनावलं, "मॅडम, हे पाणी आहे, कोयता नाही. निर्जंतुक बाटली लागते, बर्फ लागतो, आणि एका दिवसात ते इथं पोचावं लागतं. आता यात विहिरीतलं किती आणि तुमच्या कपाटातलं किती, कसं सांगू?"

पुरावा गेला. राहिला टँकरचा ड्रायव्हर. त्याचे कागद चोख. ठाण्यात तीन कप चहा प्यायला आणि एकच पालुपद, "वाळलेलं खत असतंय, मॅडम." वैतागून मी त्याला वस्तीवर नेलं.

ऊन मी म्हणत होतं. आजीनं रिवाजाप्रमाणे तांब्या पुढे केला, आधी त्याच्यासमोर. त्यानं मान हलवली, "तहान न्हाय." ओठ तर सुकलेले! मग तांब्या माझ्याकडे आला.

"घ्या की. आमी ह्येच पितोय."

सवयीनं मी तो तोंडाजवळ नेला. एवढी हुशार मी! ड्रायव्हर ओरडला, "मॅडम, नका पिऊ!"

मी तांब्या खाली ठेवला. "का रे? खत वाळलेलं होतं ना?"

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. वाळवायचे वाफे पावसानं भरले होते. ठेकेदारानं ओलाच गाळ न्यायला सांगितला. तपासणीच्या कोऱ्या कागदांवर सह्या आधीच होत्या.

त्याच दिवशी प्रयोगशाळेच्या बाटलीत, बर्फात घालून नवा नमुना गेला. पाणी पिण्यास अयोग्य ठरलं. विहीर बंद झाली, वस्तीला पाणी सुरू झालं, ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला.

माणूस काय बोलतो यापेक्षा तो काय तोंडाला लावत नाही ते बघावं, हे मी तिथं शिकले. मोठ्या ऐटीत हे आजीला सांगायला गेले. सून घरी आली होती, पण अजून अंथरुणावरच होती. मी पहिल्या बाटलीची चूकही कबूल केली. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"बाई, तुमी आठ दिस पाणी कुलपात ठिवलं. आमी त्येच पाणी आठ दिस पीत व्हतो की."