हरभऱ्याची आंब आणि रायभानतात्यांचा दात

रात्री हरभऱ्याच्या वावरात धोतर अंथरायचं. पहाटे ते दवानं चिंब झालं, की पेल्यात पिळायचं. ती आंबट आंब उभ्या उभ्या घोटायची. लगेच चुलीतल्या राखेनं दात घासायचे, बोटाखाली करकर वाजेस्तोवर. कुणी राम राम घातला तर आधी त्याच्या दातांकडे बघायचं. तंबाखू दिसली की तिथंच पाणउतारा.

राणीसावरगावच्या रायभानतात्यांचा हिवाळा असा चाले. चाळीस वर्षं. दोन एकर रान, तीसेक मेंढ्या आणि जिभेला धार. पोटाला आंब, दातांना राख, यापुढं त्यांना कुणाची अक्कल चालत नसे.

यंदा मात्र गार पाण्याच्या घोटाला ते डोळे मिटायला लागले. समोरचे दात कडेला काचेसारखे पातळ झाले होते. एक दिवस भाकर खाताना एकाचा तुकडा पडला. शेजारच्या महारुद्रनं त्यांना मोटारसायकलवर बसवून परभणीला नेलं. सबंध वाटेत तात्या एकदाच बोलले.

"एकबी खड्डा सोडू नको बरं."

दातांची डॉक्टरीण तरुण होती. म्हणाली, "आंबेनं दातावरचं कवच मऊ पडतं. तुम्ही त्यावर लगेच राख घासता. मऊ झालेलं खरवडून निघतं. गेलेलं परत येत नाही."

"आमचा आजा बत्तीस दात घेऊन सरणावर गेला," तात्या उठलेच. "तुमाला दातांवर टोप्या बसवून पैसे काढायचेत, दुसरं काय!"

घरी बायकोनं, अंबाबाईनं, धोतर लपवलं. तात्यांनी तिचं लुगडं वावरात नेऊन अंथरलं.

"प्या की! उद्या भात कालवून मी न्हाई भरवायची!"

"तुज्या भाताला दात कशाला लागतेत? तो आधीच चिखल हाय."

मग देवळापुढं चारचौघांत त्यांनी सांगितलं. दाताचा जपून ठेवलेला तुकडा काचेच्या पेल्यात टाकायचा, रोज ताजी आंब ओतायची. आठ रोज. मग तो तसाच चकचकीत तुकडा डॉक्टरणीच्या टेबलावर आपटायचा.

"महारुद्र, तू साक्षीला. लय शिकलास, डोळे उघडे ठेव."

पाचव्या दिवशी महारुद्र गेला, तेव्हा तुकडा तात्यांच्या तळहातावर होता. चकाकी गेलेली. खडूसारखा पांढरा. तात्यांनी अंगठ्याचं नख टेकवून ओढलं.

रेघ उमटली.

महारुद्र वाकून बघायला लागला.

"काय बघायलास?"

"तात्या, रेघ..."

"मला डोळे हायेत. नीघ."

तुकडा त्यांनी पुन्हा पेल्यात टाकला. दुसऱ्या दिवशी आंब बदलली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

आठव्या दिवशी महारुद्रनं ठरल्याप्रमाणं मोटारसायकल दारात आणली. हॉर्न दिला. अंबाबाई बाहेर आली.

"मागच्या दारानं गेले मेंढ्यांमागं. परभणीचं इचारू नको म्हणालेत."

कोनाड्यात पेला तसाच होता. त्यात एक माशी तरंगत होती, तळाशी तो तुकडा.